जुनी तबकडी, जुने यंत्र आणि नवी सुई



माळ्यावरच्या ट्रंकांतून जुन्या तबकड्या अलीकडे पुन्हा खाली उतरू लागल्या आहेत. कोणाच्या घरी आजोबांनी जमवलेली नाट्यगीते निघतात, कोणाच्या घरी गीतरामायणाच्या दीर्घ मुद्रिका निघतात, आणि त्यांच्यामागोमाग दोन प्रश्न निघतात. पहिला प्रश्न असा, की जुना रेकॉर्ड प्लेअर घ्यावयाचा झाल्यास कोणता घ्यावा? दुसरा असा, की घरात आहे त्याच यंत्रात काय बदलले असता आवाज सुधारेल? हे प्रश्न आम्हांला वारंवार विचारले जातात, म्हणून त्यांचा विचार आज थोडा क्रमाने करावा असे योजले आहे.

विचारणाऱ्यांच्या मनात बहुधा एकच कसोटी असते: कोणते यंत्र गोड वाजते? आमची विनंती अशी, की त्याच्याआधी दुसरी कसोटी लावावी: कोणते यंत्र तबकडीला कमी दुखवते? ही दुसरी कसोटी महत्त्वाची का, हे कळण्यासाठी तबकडीवर काय असते ते पाहिले पाहिजे.

तबकडीच्या एका बाजूवर पुष्कळ वर्तुळे कोरलेली दिसतात. प्रत्यक्षात तेथे एकच अखंड चर असतो. तो कडेपासून सुरू होऊन आत आत वळत जातो. मिनिटाला ३३ १/३ फेरे घेणारी दीर्घ मुद्रिका एका बाजूस वीस मिनिटे वाजली, तर तिचे सुमारे ६६७ फेरे होतात, आणि तेवढ्या वेळात सुई चारशे मीटरांहून अधिक अंतर त्या चरातून चालते. या चराच्या दोन्ही भिंती नागमोडी असतात. ती नागमोड म्हणजेच गायकाचा आवाज. सुई त्या भिंतींना टेकून जाते, हलते, आणि त्या हलण्यातून पुढे विजेचा संदेश तयार होतो. म्हणजे आवाज काढावयाचा तर भिंतीला घासल्यावाचून गत्यंतर नाही. चांगली सुई इतके थोडे घासते, की शेकडो वेळा वाजवूनही फरक जाणवू नये. झिजलेली किंवा चुकीच्या मापाची सुई भिंत तासून टाकते. तासली गेलेली भिंत पुन्हा उभी राहत नाही. खराब यंत्र आवाज वाईट काढते एवढेच त्याचे पाप नसते. जो आवाज ते काढते, तोच ते पुसतही असते. आणि आपल्या संग्रहातील तबकडीची दुसरी प्रत कदाचित कोठेही शिल्लक नसते.

आता या तबकड्यांच्या दोन जाती ओळखून घेऊ. आपल्या देशात ध्वनिमुद्रणाचा व्यापार सुरू झाला तो नोव्हेंबर १९०२ मध्ये. फ्रेडरिक गेस्बर्ग हे ग्रामोफोन कंपनीचे तज्ज्ञ तेव्हा कलकत्त्यास आले आणि गौहरजान आदी गायिकांचे आवाज त्यांनी मुद्रित केले. तेव्हापासून सुमारे १९७० पर्यंत आपल्याकडे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या निघत राहिल्या. त्यांच्या एका बाजूत साधारण तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. त्या लाखेच्या बनत. पळस, कुसुम, बोर यांसारख्या झाडांवर एक किडा जो स्राव सोडतो, त्यापासून ही लाख मिळते. त्या लाखेत दगडाची बारीक पूड मिसळीत. ही पूड मुद्दामच खरखरीत ठेवलेली असे, कारण ग्रामोफोनची पोलादी सुई पहिल्या काही फेऱ्यांतच झिजून चराच्या आकाराची व्हावी अशी योजना होती. म्हणूनच ‘एक बाजू, एक सुई’ हा त्या काळचा दंडक. किल्लीच्या ग्रामोफोनची मान शंभर ग्रॅमहून अधिक भाराने तबकडीवर टेकत असे.

दुसरी जात दीर्घ मुद्रिकेची, जिला आपण एल. पी. म्हणतो. अमेरिकेत ती १९४८ मध्ये बाजारात आली, आणि दोन कण्यांतून वेगवेगळा आवाज देणारी स्टीरिओ तबकडी १९५८ मध्ये आली. ही तबकडी मऊ विनाइलची असते आणि तिचा चर फार बारीक असतो. ७८ फेऱ्यांच्या तबकडीस लागणाऱ्या सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण ६५ ते ७५ मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जुन्या एककणी दीर्घ मुद्रिकेस २५ मायक्रॉनची सुई लागते, आणि स्टीरिओला सुमारे १८ मायक्रॉनची. कोळप्याची पास दोन ओळींच्या अंतराला जुळली नाही, तर तणाबरोबर पीकही कापले जाते, हे आपल्या जिल्ह्यात कोणाला सांगावयास नको. येथेही तसेच आहे. एल. पी.ची बारीक सुई ७८च्या रुंद चरात टाकली, तर ती तळाशी पडून तेथला कचरा उपसत जाते; आणि ७८ची जाड सुई एल. पी.वर ठेवली, तर ती भिंतींचे माथे मोडीत जाते. किल्लीच्या ग्रामोफोनवर एल. पी. लावणे म्हणजे तर तिचा अंतच होय. तेव्हा यंत्र घेण्यापूर्वी घरात कोणत्या जातीच्या तबकड्या आहेत त्या मोजाव्या. ज्याच्याकडे ७८च्या आहेत त्याने ७८ फेऱ्यांची सोय असलेलेच यंत्र पाहावे. पुष्कळ चांगली यंत्रे ३३ आणि ४५ फेऱ्यांवरच थांबतात.

आता यंत्राकडे वळू. त्याची तीन कामे आहेत: तबकडी एकसारखी फिरवणे, सुईला हळुवार धरणे, आणि स्वतः गप्प राहणे. फिरवण्याच्या तीन पद्धती प्रचलित झाल्या. पहिलीत मोटरीचा दांडा एका रबरी चाकाला फिरवतो आणि ते चाक थाळीच्या आतल्या कडेला घासून तिला फिरवते. इंग्लंडमधील स्विंडन येथे तयार झालेली गॅरार्ड ३०१ (१९५४) आणि ४०१ (१९६५) ही या पद्धतीची नामांकित यंत्रे. दुसरीत मोटर आणि थाळी यांच्यामध्ये रबरी पट्टा असतो, त्यामुळे मोटरीचा थरकाप थाळीपर्यंत कमी पोचतो. एडगर व्हिलचर यांच्या अकूस्टिक रिसर्च कंपनीने १९६१ मध्ये काढलेले साधे, हलके यंत्र या पद्धतीचे उत्तम उदाहरण आहे. तिसरीत मोटर हीच थाळीचा आस असते. जपानमधील टेक्निक्स कंपनीचे एस. एल. १२०० हे यंत्र १९७२ मध्ये आले. २०१० मध्ये त्याचे उत्पादन थांबले आणि २०१६ मध्ये पुन्हा सुरू झाले. तिन्ही पद्धतींत उत्तम यंत्रे आहेत आणि तिन्हींत टाकाऊही आहेत. म्हणून पद्धतीवरून भांडत बसू नये. समोरचे यंत्र आज कोणत्या स्थितीत आहे ते पाहावे.

ते पाहण्यास फार विद्या लागत नाही. मुंबईचा चोरबाजार असो, पुण्याचा जुना बाजार असो, की ओळखीच्या घरातील अडगळ असो, पुढील परीक्षा जागेवरच करता येतात. प्रथम वीज बंद ठेवून थाळी हाताने फिरवावी. ती पुष्कळ वेळ, आवाज न करता फिरत राहून हळूहळू थांबली पाहिजे. (रबरी चाक थाळीला टेकलेले असेल तर आधी सोडवून घ्यावे.) मग थाळीची कड धरून ती किंचित डुलवून पाहावी. जात्याचा खुंटा सैल झाला की पीठ जाडेभरडे येते. थाळीचा आस सैल असेल तर गाणेही तसेच येते, आणि हा दोष सहजासहजी दुरुस्त होत नाही. तेथे यंत्र कितीही देखणे असले तरी हात आखडावा.

दुसरी परीक्षा वेगाची. तबकडीवर कागदाची एक चिठ्ठी ठेवावी आणि घड्याळ लावून फेरे मोजावे. ३३ १/३ च्या वेगाला तीन मिनिटांत बरोबर शंभर फेरे भरतात. ७८च्या वेगाला मिनिटात अठ्ठ्याहत्तर. वेग चुकला तर काय होते ते पेटी वाजवणाऱ्यांच्या चटकन लक्षात येईल. वेगात सहा टक्के फरक पडला की स्वर एका पट्टीने सरकतो. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेल्या यंत्राची गोष्ट याहून वेगळी. तेथील वीज सेकंदाला ६० आवर्तनांची आणि ११०-१२० व्होल्टची असते, आपली ५० आवर्तनांची आणि २३० व्होल्टची. व्होल्टसाठी ट्रान्सफॉर्मर मिळतो आणि लोक निश्चिंत होतात. परंतु विजेच्या आवर्तनांशी बांधलेली मोटर आपल्याकडे एक-षष्ठांश मंद फिरते, आणि काळी चारमध्ये गाणारी गायिका पांढरी चारच्या आसपास उतरते! अशा यंत्राला मोटरीच्या दांड्यावरची ५० आवर्तनांची कप्पी मिळते काय, हे आधी विचारावे.

तिसरी परीक्षा रबराची. रबरी चाक वर्षानुवर्षे दांड्याला टेकून राहिले असेल तर त्यास एक चपटा डाग पडतो आणि प्रत्येक फेऱ्याला ठोका ऐकू येतो. पट्टा आपल्याकडच्या उन्हाळ्यात सैल होतो किंवा चिकट होतो. ही दोन्ही बदलता येतात, म्हणून त्यांच्यासाठी यंत्र नाकारू नये; किंमत मात्र कमी करून घ्यावी. चौथी परीक्षा मानेची, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याची. मागचे वजन सरकवून मान अधांतरी तोलावी आणि तिच्यावर हलकी फुंकर घालावी. ती सहज सरकली पाहिजे, पण सांध्यात खिळखिळी नसावी. पाचवी वस्तू सुई. तिची परीक्षा करूच नये. जुन्या यंत्राबरोबर आलेली सुई झिजलेली आहे असे धरूनच चालावे. हिऱ्याची सुई सामान्यतः पाचशे ते हजार तास टिकते असे मानतात, आणि आधीच्या मालकाने ते तास मोजलेले नसतात.

स्वस्त, सुटकेसवजा यंत्रांविषयी, मग ती जुनी असोत वा आजची, एक सूचना. त्यांत बहुधा स्फटिकाचे किंवा सिरॅमिकचे कार्ट्रिज असते आणि सुई पाच-सहा ग्रॅम भाराने टेकते. एच. एम. व्ही.च्या फिएस्टासारख्या लहान यंत्रांनी आपल्याकडे कित्येक घरांत गाणे नेले, हे त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. परंतु दुर्मिळ तबकडीसाठी ती योग्य नव्हेत. शिवाय जुन्या स्फटिकाच्या कार्ट्रिजमध्ये रोशेल क्षार असतो. तो ओलीने विरघळतो आणि ५५ अंशांच्या आसपास उष्णतेने नासतो. मुंबईचा पावसाळा आणि आपल्याकडील पत्र्याखालचा मे महिना या दोहोंतून ते जिवंत राहणे कठीण.

यंत्र घरी आले, आता सुधारणा. येथे लोक सर्वांत महागड्या वस्तूपासून आरंभ करतात, आणि आम्ही फुकटच्या वस्तूपासून आरंभ करा असे सांगतो.

पहिली सुधारणा जागेची. सुईला चराची नागमोड आणि टेबलाचा हादरा यांतील भेद कळत नाही. दोन्हींचे ती गाणेच करते. म्हणून ध्वनिक्षेपक आणि यंत्र एकाच फळीवर नसावे. रेडिओग्रामच्या सुंदर लाकडी पेटीत दोन्ही एकत्र असतात, हाच तिचा मोठा उणेपणा. जुन्या दगडी भिंतीतला कोनाडा, किंवा भिंतीत पक्क्या बसवलेल्या कंसांवर एक शहाबादी फरशी, याहून चांगले आसन विकत मिळणे कठीण. त्यावर गवंड्याची पाणसळ ठेवून यंत्र दोन्ही बाजूंनी समतल करावे.

दुसरी सुधारणा स्वच्छतेची. आपल्या भागातील धूळ चरात बसली की सुई तिला भिंतीत रगडते. विनाइलची तबकडी शुद्ध पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब घालून मऊ कापडाने चराच्या दिशेने पुसावी आणि साध्या पाण्याने धुऊन वाळवावी. मधल्या कागदाला पाणी लागू देऊ नये. लाखेच्या तबकडीला मात्र स्पिरिट कधीही लावू नये. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुताराचे लाखेचे पॉलिश याच गुणावर तयार होते. बाजारातील कित्येक सफाईच्या द्रवांत स्पिरिट असते, आणि एका पुसण्यात गाणे जाते.

तिसरी सुधारणा तेलाची. थाळीचा आस पुसून, जुने घट्ट झालेले तेल काढून, त्यात हलक्या यंत्रतेलाचे दोन थेंब घालावे. पट्टा किंवा रबरी चाक नवे करावे. चौथी सुधारणा सुईची, आणि खरा पैसा येथे खर्च करावा. चुंबकी पद्धतीचे चांगले कार्ट्रिज घ्यावे. काही कार्ट्रिजांना सुई तेवढी काढून बदलता येते. ऑडिओ-टेक्निकाच्या व्ही. एम. ९५ मालिकेत ७८ फेऱ्यांची जाड सुईही मिळते. दोन्ही जातींच्या तबकड्या असणाऱ्यांना हे सोयीचे. चुंबकी कार्ट्रिजचा संदेश अगदी क्षीण, काही मिलिव्होल्टचा असतो, म्हणून त्यास फोनो प्रवर्धक लागतो. तो केवळ आवाज मोठा करीत नाही. तबकडी कोरताना खर्ज दाबलेला आणि तार स्वर चढवलेले असतात. १९५४ पासून रूढ झालेल्या ठरावीक प्रमाणानुसार तो पुन्हा ते समतोल करतो. जुन्या सुटकेसवजा यंत्राच्या जड मानेवर मात्र असे नाजूक कार्ट्रिज बसवू नये. तेथे मानच त्याला पेलवत नाही.

पाचवी सुधारणा मापाची. तबकडी कोरणारे हत्यार सरळ रेषेत आत जाते, आणि आपली मान एका टोकाला खिळलेली असल्यामुळे कमानीत फिरते. हा फरक कमीत कमी व्हावा म्हणून सुई ठरावीक अंतरावर आणि कोनात बसवावी लागते. त्यासाठी आखलेला कागद मिळतो. अर्धा तास खर्च करून त्यावर ती जुळवावी. सुईचा भार बारीक काट्यावर मोजावा. काटा नसल्यास सोनाराच्या दुकानात यंत्र नेण्यास लाजू नये. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. भार जितका कमी तितकी तबकडी सुरक्षित, असे पुष्कळांना वाटते. भार फारच कमी झाला तर जोरकस तानेला सुई भिंत सोडून उडते आणि परत आदळते. ते आदळणे घासण्याहून वाईट. कार्ट्रिजच्या निर्मात्याने दिलेल्या मर्यादेतला मधला किंवा किंचित वरचा आकडा धरावा. एवढे सर्व झाल्यावरही समाधान नसेल, तरच नवी मान किंवा मोठे यंत्र यांचा विचार करावा. बहुतेकांना तेथवर जावे लागत नाही.

आणि सुधारणा झाली की नाही हे ओळखावे कसे? यासाठी परकीय संगीताच्या चाचणी-तबकड्या हव्यात असे नाही. तंबोऱ्याचा अखंड नाद लावून पाहावा: वेग डळमळत असेल तर जोडी लागलेलीच भासणार नाही. पहिले गाणे सुरू होण्यापूर्वीच्या मुक्या चरात कान द्यावा: तेथे घरघर ऐकू आली तर ती यंत्राची. शेवटी पखवाज लावावा. अंबाजोगाई तालुक्यातील आपेगावने पद्मश्री शंकरबापू आपेगावकर यांच्यासारखा पखवाजी दिला, त्या जिल्ह्याच्या कानाला हे समजावून सांगावे लागणार नाही. डाव्या पुडीवरची ओली कणीक जो भरीव, गोल खर्ज देते, तो गोलच ऐकू आला पाहिजे. तो नुसता धप्प वाजला तर आसन, आस किंवा सुई यांपैकी काही तरी अजून बिनसलेले आहे.

तबकडी आणि सुई यांचे नाते किती अतूट आहे, याचा एक दाखला देऊन आम्ही पुरे करतो. १९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने सूर्यमालेपलीकडे धाडली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी आहे, आणि तीवर जगातील निवडक संगीतात सूरश्री केसरबाई केरकर यांचा भैरवीतला आवाज आहे. पहिले यान ५ सप्टेंबरला निघाले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या. ती तबकडी पाठवणाऱ्यांनी तिच्याबरोबर कार्ट्रिज आणि सुईही ठेवली. वेष्टनावर सुई कोठे ठेवावी याचे चित्र कोरले, आणि एका फेऱ्याला किती वेळ लागावा तेही हायड्रोजनच्या अणूच्या मापाने लिहून ठेवले, कारण आपले घड्याळ तेथे कोणाला ठाऊक असणार? योग्य सुई आणि योग्य वेग यांच्यावाचून तबकडी मुकी, हे त्यांनी ओळखले होते.

आपल्या ट्रंकेतील तबकडीला इतका लांबचा प्रवास नाही. तिला माळ्यावरून बैठकीपर्यंतच यावयाचे आहे. तेवढ्या अंतरात आपण एक गोष्ट आणखी करावी. यंत्र जुळले, सुई नवी झाली, तबकडी स्वच्छ झाली, की दुर्मिळ गाणे एकदा नीट वाजवून संगणकावर उतरवून ठेवावे आणि मूळ तबकडी उभी, उन्हापासून दूर ठेवून द्यावी. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने अशा तबकड्यांची माहिती जमवण्याचे मोठे काम केले. त्यातून एवढे कळून येते, की कित्येक आवाज आज टिकले ते कोणा तरी सामान्य गृहस्थाच्या घरी ती तबकडी जपली गेली म्हणून. ज्या घरी तबकड्या आहेत त्यांनी यंत्रासाठी घाई करू नये. आधी त्या पुसाव्या, मोजाव्या, त्यांच्या कागदावरची नावे वहीत उतरावी. मग बाजारात जावे, आणि जाताना खिशात पाणसळ आणि घड्याळ न्यावे.